'टेक', 'घेणे' आणि 'लागणे' : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थविस्तार आणि मराठी अनुवाद

सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी भाषेचा कोश प्रसिद्ध केला, तेव्हा 'टेक' या एका क्रियापदाखाली त्याने १३४ अर्थ नोंदविले. एवढ्या मजकुराला कोशाची सुमारे पाच पाने लागली. कोशाच्या प्रस्तावनेत त्याने 'कम', 'गेट', 'गिव्ह', 'पुट', 'सेट', 'टेक' अशा क्रियापदांचा एक स्वतंत्र वर्ग कल्पून त्यांविषयी तक्रारच मांडली आहे. या क्रियापदांचे अर्थ इतके सैल आणि मूळ आशयापासून इतके दूर पांगलेले असतात की व्याख्येच्या चौकटीत त्यांना बसविणे कोशकाराला जड जाते, असा तिचा आशय. त्याच प्रस्तावनेत त्याने आणखी एक गोष्ट नमूद केली आहे. क्रियापदाच्या मागे एखादे लहानसे अव्यय लागून जे नवे अर्थ तयार होतात, त्यांची परकीयांना सर्वांत अधिक अडचण होते, असे त्याने म्हटले. ही अडचण अठराव्या शतकातील लंडनमध्ये जितकी खरी होती, तितकीच मराठी माध्यमातून इंग्रजीकडे आणि इंग्रजीतून मराठीकडे ये-जा करणाऱ्या आजच्या अभ्यासकासही खरी वाटेल.

जॉन्सननंतरच्या कोशांनी अर्थांची संख्या वाढवीत नेली. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाची नोंद सर्वांत दीर्घ होती; पुढील संशोधित आवृत्तीच्या कामात 'रन'चे सहाशेहून अधिक अर्थ मोजले गेले. या आकड्यांचे कौतुक वृत्तपत्रांतून अधूनमधून होत असते. परंतु आकडा हा शब्दाचा गुण नसून बव्हंशी कोशकाराच्या पद्धतीचा गुण असतो. एकाच अर्थाचे दोन तुकडे करावयाचे की दोन छटा एकाच क्रमांकाखाली ठेवावयाच्या, हे कोशकार ठरवितो. भाषांतराच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. इंग्रजीत जे अर्थ 'टेक' या एका क्रियापदाभोवती गोळा झाले, ते मराठीत कोणकोणत्या क्रियापदांत वाटले गेले, आणि ही वाटणी कोणत्या तत्त्वावर झाली? 'टेक म्हणजे घेणे' हे समीकरण शाळेच्या पहिल्या वर्षी पाठ होते, आणि भाषांतराच्या टेबलावरदेखील ते सहसा पुसले जात नाही. त्यामुळे मराठी वाक्यरचनेची एक मूलभूत लकब झिजत चालली आहे. ती लकब 'लागणे' या क्रियापदाच्या आश्रयाने राहते.

'टेक' हे क्रियापद मुळात इंग्रजीचे नव्हे. प्राचीन इंग्रजीत घेण्याच्या अर्थी 'निमन' हा धातू रूढ होता. जर्मनमध्ये तो 'नेमेन' या रूपाने आजही घरोघर वावरतो. नवव्या ते अकराव्या शतकांत इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत स्कँडिनेव्हियन लोकांची वसती झाली आणि त्यांच्या नॉर्स भाषेतील 'टाका' हा धातू इंग्रजीत आला. अकराव्या शतकाच्या सुमारास तो लेखनात दिसू लागतो, आणि पुढील काही शतकांत 'निमन'ला तो प्रमाणभाषेतून हुसकावून लावतो. नित्याच्या व्यवहारातील क्रियापद परक्या भाषेतून उसने घेतले जावे, ही घटना विरळा आहे. नामे सहज उसनी येतात, क्रियापदे येत नाहीत. 'निमन'चे अवशेष आज दोन विशेषणांत उरले आहेत. 'निम्बल' म्हणजे चपळ, मुळात चटकन घेणारा. आणि 'नम' म्हणजे बधिर, मुळात घेतला गेलेला, ग्रासलेला. चोरांच्या बोलीत मात्र 'निम' म्हणजे लांबविणे, हा अर्थ बराच काळ टिकला. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ' या नाटकात निम नावाचा एक शिपाई आहे आणि चोरीपायी तो फासावर जातो. नावातला श्लेष तत्कालीन प्रेक्षकास समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.

नॉर्स 'टाका'च्या पाठीमागे आणखी जुना अर्थ असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. चौथ्या शतकातील गॉथिक बायबलात याच कुळातील म्हणून ओळखला जाणारा 'टेकन' हा धातू स्पर्श करणे या अर्थी येतो. हात लावणे, हात टाकणे, धरणे, आपलेसे करणे, असा हा प्रवास असावा. मराठी 'घेणे'ची कुळकथा याहून निराळी आहे. महाराष्ट्री प्राकृतात 'घेत्तूण', 'घेप्पइ' अशी रूपे आढळतात, आणि हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ती संस्कृत 'ग्रह्' धातूच्या जागी येणारे आदेश म्हणून सांगितली आहेत. 'घेणे' हे पहिल्यापासून पकडीचे क्रियापद आहे. स्पर्शाशी त्याचे नाते नाही. मराठीत स्पर्शाचे क्रियापद दुसरेच आहे, ते 'लागणे'. संस्कृत 'लग्न' म्हणजे चिकटलेले, त्यावरून प्राकृत 'लग्ग', त्यावरून मराठी 'लाग'. म्हणजे इंग्रजी 'टेक' आणि मराठी 'लागणे' या दोन दूरस्थ धातूंचा आरंभबिंदू स्पर्श हाच आहे; परंतु तेथून दोघांनी परस्परविरुद्ध दिशा धरल्या. 'टेक' सकर्मक होऊन माणसाच्या हाती गेले. 'लागणे' अकर्मक राहिले. त्यात वस्तू, वेळ, भूक किंवा वेड माणसाला येऊन लागते. या फरकाचा विचार पुढे विस्ताराने करावयाचा आहे. तत्पूर्वी अव्ययांचा प्रश्न उलगडला पाहिजे.

'टेक ऑफ', 'टेक इन', 'टेक अप', 'टेक ओव्हर', 'टेक टू', 'टेक आफ्टर' अशा संयोगांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ याच्या १९२५ च्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकाने रूढ केले. ते नाव आपणास हेन्री ब्रॅडली या कोशकाराने सुचविले, असे त्याने सांगून ठेवले आहे. मराठी अभ्यासकास या संयोगांचे मर्म उपसर्गाच्या वाटेने लवकर कळेल. 'ग्रह्' या एका धातूपासून आग्रह, विग्रह, संग्रह, निग्रह, अनुग्रह, परिग्रह, प्रतिग्रह असे शब्द झाले. हट्ट, भांडण, साठा, संयम, कृपा, स्वीकार आणि दान घेणे या सर्वांच्या मुळाशी 'पकडणे' आहे, हे प्रत्येक वेळी सहज दिसत नाही. प्राचीन इंग्रजीतही हेच घडत असे. 'निमन'ला उपसर्ग लागून 'फोर्निमन' म्हणजे नष्ट करणे, 'बेनिमन' म्हणजे हिरावून घेणे, अशी क्रियापदे तयार होत. पुढे हे उपसर्ग झिजले, आणि त्यांचे काम क्रियापदाच्या मागे येणाऱ्या सुट्या अव्ययांनी उचलले. जुन्या पद्धतीची खूण म्हणून 'अंडरटेक', 'ओव्हरटेक' अशी थोडी जोडरूपे तेवढी मागे राहिली. संस्कृतात प्रवास उलट झाला. वेदांत उपसर्ग क्रियापदापासून सुटून, मध्ये दुसरे शब्द घेऊनही येऊ शकतो. अभिजात संस्कृतात तो धातूला कायमचा चिकटला. 'टेक युअर कोट ऑफ' या वाक्यात 'टेक' आणि 'ऑफ' यांच्यामध्ये कोट येऊन बसतो, याचे नवल वाटणाऱ्या विद्यार्थ्यास वैदिक वाक्यरचनेचा हा दाखला द्यावा. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच आले पाहिजे, 'टेक इट ऑफ' असेच म्हटले पाहिजे, हा मात्र खास इंग्रजीचा नियम. 'टेक आफ्टर'मध्ये तो चालत नाही. तेथे 'आफ्टर' हे आपल्या नामापुढेच उभे राहते आणि जागा सोडीत नाही.

अव्ययाला स्वतःचा अर्थ असतो काय, हा वादही जुनाच आहे. यास्काने निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात दोन मते नोंदविली आहेत. शाकटायनाच्या मते सुट्या उपसर्गाला अर्थ नाही, तो नामाख्यातांचा अर्थ केवळ सूचित करतो. गार्ग्याच्या मते उपसर्गाला नानाविध अर्थ असतात. 'टेक ऑफ'च्या बाबतीत गार्ग्याचा पक्ष बराच टिकतो. 'ऑफ'मध्ये पृष्ठभागापासून सुटण्याची कल्पना आहे. अंगावरून कपडा निघतो, किमतीतून काही रक्कम वजा होते, कामाच्या दिवसांतून दोन दिवस मोकळे होतात, विमानाचे चाक जमिनीवरून सुटते. यांपैकी पहिल्या तिन्हींत कोणीतरी काहीतरी काढतो. विमानाच्या उदाहरणात कर्म गळून गेले आहे आणि सुटणारी वस्तूच कर्ता बनली आहे. मराठीला येथे 'काढणे', 'वजा करणे', 'सुटी घेणे' आणि 'उडणे' अशी चार निराळी क्रियापदे लागतात. एखाद्याची नक्कल करणे हा 'टेक ऑफ'चा आणखी एक अर्थ वरवर पाहता या ओळीत बसत नाही. परंतु मूळ वस्तूवरून तिची प्रत उचलली जाते, ही कल्पना मराठीलाही परिचित आहे. 'उतरवून घेणे' आणि 'उतारा' हे शब्द नक्कलेविषयीचेच आहेत, आणि 'उतरविणे' हे क्रियापद अंगावरच्या दागिन्यांनाही चालते.

'टेक इन'मध्ये शाकटायनाला थोडी जागा मिळते. निराश्रितास घरात घेणे, सैल झालेले कपडे आत घेणे, समोरचे दृश्य डोळ्यांत साठविणे, सांगितलेले उमजणे, हे सर्व 'आत'च्या कल्पनेवर उभे आहे. पण 'टेक इन' म्हणजे फसविणे, हे कसे? फसलेला मनुष्य कोठे आत गेला? जाळ्यात, असे उत्तर देता येते, आणि मराठीतही 'जाळ्यात ओढणे' आहेच. तथापि असे उत्तर अर्थ ठाऊक झाल्यानंतरच सुचते. केवळ 'टेक' आणि 'इन' यांवरून कोणताही परकीय वाचक त्या अर्थापर्यंत पोहोचणार नाही. चार्ल्स ऑग्डेनने १९३० मध्ये ८५० शब्दांचे 'बेसिक इंग्लिश' मांडले, तेव्हा त्याने क्रियापदांची संख्या अठरापर्यंत खाली आणली आणि बाकीचा भार 'टेक', 'पुट', 'गेट' यांच्या अव्ययसंयोगांवर सोपविला. शब्दसंख्या घटली हे खरे. पण जॉन्सनने परकीयांसाठी सर्वांत अवघड म्हणून जो भाग दाखविला होता, नेमका तोच नवशिक्याच्या माथी आला.

अव्ययाखेरीज नामाशीही 'टेक'चा संयोग होतो. 'टेक अ वॉक', 'टेक अ लुक', 'टेक अ नॅप' यांत क्रियेचा आशय सारा नामात असतो आणि क्रियापद केवळ काळ आणि कर्ता वाहून नेते. ओटो येस्पर्सनने अशा क्रियापदांना 'लाइट' म्हणजे हलके असे विशेषण लावले. 'घेणे'ही या अर्थाने हलके होते, आणि इंग्रजीचा संबंध येण्यापूर्वीच ते तसे होते, यात शंका घेण्याचे कारण दिसत नाही. धाव घेणे, झेप घेणे, माघार घेणे, कानोसा घेणे, ठाव घेणे, कैवार घेणे, समाचार घेणे, हाय घेणे, धसका घेणे यांपैकी बहुतेकांत 'टेक' घातल्यास इंग्रजी वाक्य उभे राहणार नाही. 'गवताने पेट घेतला' यात तर कर्ता निर्जीव आहे. म्हणून 'भाग घेणे' आणि 'काळजी घेणे' यांची इंग्रजी प्रतिरूपे जुळतात एवढ्यावरून ती भाषांतरित आहेत, असे घाईने म्हणू नये. वाक्प्रचार जुळणे हा उसनवारीचा पुरावा होत नाही. पुरावा शोधावयाचा तो वाक्याच्या रचनेत, कर्ता कोण झाला आणि कोणता प्रत्यय गेला, यात.

या कसोटीवर पाहता खरे स्थित्यंतर वेळ, कष्ट आणि मनोवृत्ती यांच्या वाक्यांत आढळते. इंग्रजीत 'इट टेक्स टू अवर्स' असे म्हणतात. मराठीत 'दोन तास लागतात'. ज्याला लागतात त्याला 'ला' प्रत्यय लागतो, तास हा कर्ता होतो आणि क्रियापद त्याच्या वचनानुसार चालते: 'मला एक तास लागला', 'तिला तीन वर्षे लागली'. माणूस येथे काही करीत नाही. काळ येऊन त्याला लागतो. भाषांतरित मजकुरात याच्या जागी 'हे काम दोन दिवस घेईल', 'ही प्रक्रिया बराच वेळ घेते' अशी वाक्ये वारंवार भेटतात. अशा वाक्यातून अर्थ कळतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. परंतु कामाला हात फुटले आणि त्याने वेळ उचलून घेतला, अशी जी कर्त्याची कल्पना त्या वाक्याने आणली, ती मराठीने या ठिकाणी मान्य केलेली नव्हती. 'त्याचे मन वळवायला फार धाडस घेतले' असे कोणी लिहिले तर कानाला तत्काळ खटकते. 'वेळ घेते' मात्र खटकेनासे झाले आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाले'च्या आरंभीच मराठीच्या सांप्रत स्थितीची चर्चा केली, तेव्हापासून इंग्रजी वळणाची तक्रार चालत आली आहे. ती तक्रार बहुधा शब्दांविषयी केली जाते. प्रत्यय बदलला तर तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

'टेक'लाही अशी अनिच्छेची बाजू आहे, हे येथे सांगितले पाहिजे. 'ही वॉज टेकन इल' यात आजार माणसाला घेतो. कलम केलेल्या फांदीविषयी 'द ग्राफ्ट टुक' म्हणतात. मराठी माळी त्याच ठिकाणी 'कलम लागले' म्हणतो. येथे दोन भाषा त्या जुन्या स्पर्शाच्या बिंदूवर क्षणभर पुन्हा भेटतात. 'टेक टू'चे प्रयोग पाहावे. 'द चाइल्ड टुक टू हर' याला मराठीत 'मुलाला तिचा लळा लागला' याहून नेमके वाक्य नाही. 'ही टुक टू ड्रिंक' म्हणजे त्याला दारूचे व्यसन लागले. दोन्ही ठिकाणी इंग्रजी वाक्यात माणूस कर्ता आहे, मराठीत 'ला' लागलेला आहे. 'ही टुक टू हिज बेड' मध्ये मात्र मराठी 'अंथरूण धरले' म्हणते, आणि तेथे माणूस पुन्हा कर्ता होतो. 'धरणे' हा या कुटुंबातला तिसरा भिडू. 'टेक रूट'ला मूळ धरणे, 'टेक हार्ट'ला धीर धरणे, 'टेक फॉर ग्रँटेड'ला गृहीत धरणे. जेथे पकड सुटू न देण्याचा, टिकवून ठेवण्याचा भाव आहे, तेथे 'घेणे' मागे सरते आणि 'धरणे' पुढे येते. 'टेक आफ्टर'ला यांपैकी एकही चालत नाही. 'शी टेक्स आफ्टर हर मदर' याला मराठीत 'मुलगी आईच्या वळणावर गेली' असे म्हणतात. मुलगी काही घेत नाही, तिला काही लागत नाही. ती वाटेने जाते.

एकाच नामाभोवती ही क्रियापदे कशी वाटून उभी राहतात, याचे उत्तम उदाहरण झोप. दुपारी झोप लागली, दुपारी झोप घेतली, दुपारी झोप काढली. पहिल्या वाक्यात झोपेने माणसाला गाठले आहे. दुसऱ्यात त्याने ती ठरवून घेतली आहे. तिसऱ्यात कामाच्या वेळेतून ती खेचून काढल्याचा किंचित अपराधी समाधानाचा सूर आहे. 'टेक अ नॅप' यांपैकी दुसऱ्याच्या जवळचे. कथेतील पात्र पुस्तक वाचता वाचता पेंगले असेल तर इंग्रजी लेखक 'टेक' वापरणारच नाही, तो 'फॉल अस्लीप' लिहील. म्हणजे इंग्रजीतही हा भेद आहे. तो निराळ्या ठिकाणी ठेवलेला आहे.

दिशा अगदी उलटण्याचे एक उदाहरण महाविद्यालयांच्या नित्य परिचयाचे आहे. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो किंवा परीक्षेला बसतो. परीक्षा घेतो तो परीक्षक. इंग्रजीच्या दृष्टीने परीक्षा ही विद्यार्थ्यापुढे ठेवलेली गोष्ट असून ती तो स्वीकारतो. मराठीच्या दृष्टीने विद्यार्थ्याजवळ जे आहे ते त्याने काढून द्यावयाचे असते आणि समोरचा ते घेत असतो. 'सत्त्वपरीक्षा घेणे' या प्रयोगात हीच कल्पना आहे. म्हणून 'विद्यार्थ्यांनी परीक्षा घेतली' या भाषांतरात केवळ शैलीदोष राहत नाही, खुर्च्यांची अदलाबदल होते. उलट बाजूने भारतीय इंग्रजीत 'टू गिव्ह अॅन एक्झॅम' हा प्रयोग रुळला आहे. इंग्लंडच्या वाचकास तो प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचा वाटेल. येथल्या वाचकास त्यात आपल्या भाषेतला 'देणे' ऐकू येतो.

आतापर्यंत 'घेणे' हे मुख्य क्रियापद म्हणून पाहिले. मराठीत त्याचे आणखी एक काम आहे, आणि त्याला 'टेक'मध्ये प्रतिरूप नाही. ऊनान्त धातूनंतर येऊन ते क्रियेचा रोख कर्त्याकडे वळविते. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून संयुक्त क्रियापदांची जी चर्चा झाली, तिच्यात हा प्रकार येतो. 'त्याने जेवून घेतले' म्हणजे पुढच्या कामाआधी आपली सोय लावली. 'तिने कपडे शिवून घेतले' यात शिवणारा दुसराच असू शकतो. 'त्याने डोक्यात मारून घेतले' यात क्रियेचे फळ अंगावर आले. 'त्याने ऐकून घेतले' यात उलट उत्तर न देण्याचा सोशिकपणा आहे, आणि बोलणाऱ्याच्या सुरावरून कधी तो नाइलाजाचाही ठरतो. इंग्रजीत हा भार क्रियापदाच्या मागे आलेले अव्यय काही अंशी उचलते: 'टेक डाउन'ला मराठीत 'लिहून घेणे'. म्हणजे इंग्रजीत 'टेक' हे मुख्य आणि 'डाउन' हे साहाय्यक. मराठीत 'लिहिणे' मुख्य आणि 'घेणे' साहाय्यक. 'खाऊन टाकणे' आणि 'ईट अप' यांतही 'टाकणे'चे काम 'अप' करतो. अनुवादकाला अव्ययाचा प्रतिशब्द शब्दयोगी अव्ययांत शोधण्याची सवय असते. पुष्कळदा तो या दुसऱ्या क्रियापदात दडलेला असतो.

द्वैभाषिक कोशांत हे सामावणे सोपे नाही. मोल्सवर्थने आरंभिलेला आणि थॉमस कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या कोशांनीही प्रतिशब्दांची रांग हीच पद्धत मुख्यतः चालविली. रांगेत 'घेणे' पहिले येते आणि 'लागणे' कोठेतरी मागे पडते. प्रतिशब्दांच्या आधी वाक्यसाचे दिले, म्हणजे वेळ आणि कष्ट कर्म असतील तेव्हा 'ला' आणि 'लागणे', ओढ किंवा सवय असेल तेव्हाही तेच, टिकवून ठेवण्याचा भाव असेल तेव्हा 'धरणे', प्रवासाचे साधन असेल तेव्हा तृतीया आणि 'जाणे', तर 'टेक द बस'चे 'बस घेणे' होऊन विद्यार्थ्याने बस विकत घेतल्याचा भास होण्याचा प्रसंग टळेल. 'टेक प्लेस' आणि 'टेक द प्लेस ऑफ' यांतही साचाच उपयोगी पडतो. पहिल्यात प्लेसला उपपद नाही, तेथे 'घडणे' किंवा 'होणे'. दुसऱ्यात ते आहे, आणि 'जागा घेणे' मराठीत निर्वेधपणे चालते.

पण साचा सर्वत्र पुरत नाही. 'शी टुक इट टू हार्ट' हे चार-पाच शब्दांचे वाक्य घ्यावे. एखाद्या कादंबरीत सासू काही बोलून गेली आहे आणि त्यानंतर हे वाक्य आले आहे, असे समजू. मराठी अनुवादकापुढे निदान तीन वाटा आहेत. 'तिने ते मनावर घेतले' म्हटले तर सल्ला गांभीर्याने स्वीकारून ती काही करणार, असा अर्थ होतो. हा अर्थही इंग्रजी वाक्यात बसतो. 'ते तिच्या मनाला लागले' म्हटले तर बोलणे बोचरे होते, आणि ते येऊन लागले. तिचा त्यात काही दोष नाही. 'तिने ते मनाला लावून घेतले' म्हटले की 'लागणे'चे प्रयोजक रूप आणि 'घेणे' हे साहाय्यक एकत्र येतात. बोलणे तेवढे बोचरे नव्हते, ते तिने स्वतःच आपल्या मनाला लावले, आणि लावून घेतले. येथे दुखावलेल्या व्यक्तीकडेच थोडी जबाबदारी सरकते. घरोघरी 'एवढं मनाला लावून घेऊ नकोस' असे समजावले जाते, तेव्हा समजाविणारा सासूची बाजू काहीशी सावरीतच असतो. इंग्रजी वाक्य याविषयी गप्प आहे. मराठी वाक्याला गप्प राहता येत नाही. तीन पाने मागे जाऊन सासू नेमके काय आणि कोणासमोर बोलली होती, ते अनुवादकाला पुन्हा वाचावे लागते.